तीन वर्षांची वजाबाकी

गेल्या पावसाळ्यात मिरजेच्या डॉक्टरांनी आईच्या हृदयाची एक झडप बदलावी लागेल असं सांगितलं. उद्याच करायला पाहिजे असं नाही, पण तीन-चार महिन्यांच्या पुढे ढकलू नका, म्हणाले. मी विचारलं, तीन की चार? ते म्हणाले, चार धरा. मी खिशातल्या वहीत सतरा आठवडे असं लिहिलं.

आम्ही सगळे एकाच रेशनकार्डावर. राज्याच्या योजनेत आमचं कुटुंब होतंच, पण वर्षाला कुटुंबामागे जे संरक्षण मिळतं ते धाकट्या भावाच्या मोटारसायकलच्या अपघातात उन्हाळ्यातच जवळजवळ संपलं होतं. म्हणून आई, आण्णा म्हणजे माझे वडील, आणि मी असे तिघं दवाखान्याच्या खालच्या मजल्यावरच्या टेबलाशी गेलो. तिथे योजनांची माहिती द्यायला एक मुलगी बसते. तिला आरोग्यमित्र म्हणतात. तिने सांगितलं की सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राचं वेगळं कार्ड आहे. पाच लाखांपर्यंत. ते मुलाबाळांत वाटलं जात नाही, घरात सत्तरीवरचे दोघं असले तर त्या दोघांत मिळून असतं.

"अट काय?" मी वही उघडून विचारलं.

"आधारवर सत्तर पूर्ण."

"आणि?"

"आणि काही नाही."

आण्णांना हे पटलं नाही. ते पुढे सरकून म्हणाले, "बाई, माझी सात एकर हाय. म्हैसाळचं पाणी आल्यापास्नं दोन एकर ऊस बी हाय."

"असू दे, आजोबा."

"ह्यो पोरगा कारखान्यात हाय. वजनकाट्यावर. पगारी."

"असू दे."

"रेशनकार्ड केशरी हाय."

"पांढरं असतं तरी चाललं असतं. वय सांगा फक्त."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या जन्मात सरकारी टेबलावर आपली मालमत्ता एवढी उघडपणे सांगूनही कुणी उठा म्हटलं नव्हतं. मी सव्वीस वर्षं वजनकाट्यावर आहे, भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतो. माझ्या ओळखीचा प्रत्येक कागद अमुक इतकं उत्पन्न, तमुक इतकी जमीन यापासून सुरू होतो. मी वहीचं अख्खं पान मोकळं ठेवलं होतं आणि त्यावर लिहायला एकच आकडा निघाला. किती मिळवलंस, किती राखलंस, यातलं काही नाही. किती वर्षं जगलास, एवढंच. त्या टेबलासमोर उभं राहून, देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसं मला झालं.

मग मुलीने दोघांचे आधार क्रमांक घातले. आण्णा एकाहत्तर, पात्र. आई अडुसष्ट.

"आजींना अजून दोन वर्षं थांबावं लागेल," ती म्हणाली, आणि समोरचे कागद बघून तिचाच आवाज पडला.

आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. चला, यष्टी चुकंल."

आधार कार्डं काढायला गावात शिबिर लागलं होतं तेव्हा तिथे मीच होतो. आमचं गाव कवठे महांकाळ तालुक्यात, मी नोकरीसाठी इस्लामपूरला राहतो. दोघांचे फॉर्म भरण्यासाठी मुद्दाम रजा काढून आलो होतो. आण्णांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरची, एक जून. त्या पिढीत शाळेत गेलेले निम्मे लोक एक जूनलाच जन्मले आहेत, कारण गुरुजी तीच लिहीत. आईकडे दाखला नव्हता. ऑपरेटरने तिचं वय विचारलं. ती गप्प राहिली. आण्णा म्हणाले, "माझ्यापेक्षा तीन वरसानं कमी लिव." मी वजाबाकी केली आणि लिहून दिली. मशीनने स्वतःहून एक जानेवारी लावली.

तीनच का, हे मी विचारलं नव्हतं. मिरजेहून परत येताना एसटीत ते पहिल्यांदा डोक्यात आलं. गावी आल्यावर मी रजा वाढवली आणि आमच्या वाडीची मतदारयादी काढून बसलो. नवरा-बायकोच्या जोड्या शोधून वयांतला फरक काढला. तीन, पाच, तीन, तीन, पाच. सात फार थोड्या. बायको बरोबरीची किंवा मोठी, असं एकही घर नव्हतं. एवढ्या माणसांत एकही नसावं, हे हिशेबाला धरून नव्हतं. बायकांची वयं कुणी मोजलेलीच नव्हती, ती नवऱ्याच्या वयातून काढलेली होती.

शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांना लष्कराची दवाखान्याची सोय आहे. ते संध्याकाळी आले.

"आमाला बी इचारलं हुतं," ते म्हणाले. "लष्कराचं ठेवा न्हाईतर हे घ्या, दोन्ही न्हाई. मी म्हनलं, जुनंच बरं." मग आवाज उतरवून, "तुझ्या आईचं सोपं हाय गड्या. एक माणूस हाय माझ्या वळखीचा. पायजे ती तारीख घालून दाखला देतो."

"खोटा?"

"खोटा म्हंजी काय रं. म्हातारीकडं बघ. ती सत्तरची न्हाई व्हय?"

"दिसण्यावर कसं लिहिणार, काका?"

"तू काट्यावर बसून बसून काटाच झालायस," म्हणत ते उठले.

मला खरंच जमलं नसतं. शिवाय आधारवरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते. एकच संधी, ती खोट्यावर घालवायची नव्हती. आणि खरं किती, ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आण्णा शेरडं घेऊन रानात गेल्यावर मी आईला विचारलं. ती शेंगा फोडत होती.

"आई, तू खरी किती वर्षांची?"

"कार्डात हाय की."

"ते मी लिहिलंय. मला काय माहीत?"

तिने हातातली शेंग फोडली, दाणे वेगळे केले. मग म्हणाली, "त्यांच्यापेक्षा मोठी हाय मी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आई मेली तवा पाठची चार भावंडं आन मेंढरं माझ्याच गळ्यात पडली. त्यात लगीन ऱ्हायलं. भात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं मेली, तवा मामा म्हनला, हिचं आता उरका. मी इकवीस पुरी. तुझा बा एकोणीस. इकवीसची नवरी एकोणीसाला कोण करून घील? सतरा सांगितलं."

"आण्णांना माहीत नाही?"

"न्हाई."

"बावन्न वर्षं?"

"कुनी इचारलंच न्हाई. बायकांचं वय कुनी इचारतं व्हय? नवऱ्याचं इचारत्यात आन त्यातनं वजा करत्यात. तू बी केलंस."

मी माझ्या स्वभावावर गेलो. म्हटलं, "पण एकवीस कशावरून? तुझ्याकडे कागद नाही, तुला वाचता येत नाही."

आईचं माहेर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. घरात मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पावसाच्या तोंडावर वर माघारी जायचं. आई अशाच एका हिवाळी तळावर जन्मली. त्यांच्यात मूल जन्मलं की त्याच हंगामातली एक मादी कोकरी त्याच्या नावाने सोडत आणि तिच्या कानाला वेगळी खूण करत. ती मेंढी, तिची लेक, लेकीची लेक, सगळी त्या मुलाची.

"माझ्या मेंढीचं पयलं येत नर निघालं," आई सांगू लागली. येत म्हणजे वेत. "दुसऱ्याला मादी झाली, ती ठेवली. तिला पयलीच मादी. तिला बी पयलीच, ती शाळंच्या साली. तिचं पयलं मेलं, दुसरी जगली. तिला पयलीच मादी. त्या मादीचं पयलं लांडग्यानं न्हेलं, दुसरं नर, तिसरी मादी. ती आठ दिसांची हुती, आन कोयनंचा भूकंप झाला."

मी वही घेतली. मेंढी दोन वर्षांनी पहिल्यांदा विते आणि त्यांच्या कळपात पुढे दर हिवाळ्याला, असं आईने सांगितलं. त्या हिशेबाने पहिल्या मेंढीपासून तिच्या ठेवलेल्या लेकीपर्यंत तीन वर्षं. मग दोन. मग दोन. मग तीन. मग दोन. मग चार. बेरीज सोळा. भूकंप सदुसष्टच्या डिसेंबरातला, तो मला पाठ आहे. त्यातून सोळा गेले, एक्कावन्नचा हिवाळा. मग मी उलट बाजूने आलो: लग्न दुष्काळ सरल्यावर, त्र्याहत्तरला, तेव्हा एकवीस. भूकंपाच्या वेळची सोळा आणि पुढची साडेपाच, म्हणजे एकवीस पुरी; दोन्हीकडून तंतोतंत बसलं.

"तू त्या वेळी हे सगळं मोजलं होतंस?"

"मोजायचं काय त्यात? माझ्या मेंढ्या हुत्या."

मी वहीतली ती बेरीज तीनदा करून बघितली. आमच्या काट्याचं दर हंगामाआधी तपासनीस येऊन प्रमाणीकरण करतात, शिक्का मारतात. हिच्यावर साठ-सत्तर वर्षांत कुणाची तपासणी नव्हती, आणि सालाचाही फरक नव्हता. मी तिच्यासमोर बसून होतो आणि ती शेंगा फोडत होती, आणि मला तिच्याकडे नेहमीसारखं बघता येईना.

मग एक गोष्ट ध्यानात आली. "शाळेच्या साली म्हणजे?"

"आष्ट्याच्या अलीकडं एका गावात तळ हुता. शाळंला लागूनच रान. मास्तर आला आन म्हनला, पोरगी दिसभर हिंडती, बसू द्या शाळंत. बारा दिस गेले मी. मग तळ हलला."

"नाव लिहिलं होतं?"

"लिवलं आसंल. आज्जाला वय इचारल्यालं मला आठवतंय. त्यानं मेंढीवरनं सांगितलं."

गावाचं नाव तिला आठवत होतं. तेराव्या दिवशी तळ हलवून जिथे गेले, त्या गावाचंही आठवत होतं.

आम्ही दोघंच गेलो. आण्णांना डॉक्टरकडे असं सांगितलं. शाळा आता जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांवर स्लॅब. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं, कपाटाच्या तळातून जुनं जनरल रजिस्टर काढलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलं. कडा झडत होत्या. पहिल्या पानावर शाळेचं नाव आणि खाली जिल्हा: दक्षिण सातारा. सांगली जिल्ह्याला तेव्हा हेच नाव होतं. मी मेंढ्यांवरून काढलेल्या शाळेच्या सालाचं, अठ्ठावन्नचं, पान उघडलं आणि बोट खाली नेत गेलो.

एकोणिसाव्या ओळीत आई होती. तिचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव. धंदा, मेंढपाळ. जन्मगाव माण तालुक्यातलं, जिल्हा उत्तर सातारा. जन्मतारीख एक जून, साल बावन्न. शाळा सोडल्याचं कारण, सतत गैरहजर.

मेंढ्यांवरून निघालं होतं एक्कावन्नचा हिवाळा. गुरुजींची ठरलेली एक जून पकडली तर फरक सहा महिन्यांचा.

"कुठं हाय मी?" आईने विचारलं.

मी ओळ दाखवली. तिने नावावर बोट ठेवलं, अक्षरांवर दाबलं नाही, नुसतं टेकवलं. मुख्याध्यापिका उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःची खुर्ची आईला दिली. बाहेर पोरं पाढे म्हणत होती.

नाव तीन महिन्यांनी कमी केल्याची नोंद होती. ती बारा दिवस बसली की जास्त, ते रजिस्टर सांगत नव्हतं. पण बारावर शंका घेण्याची माझी लायकी उरली नव्हती.

मला वाटलं आता सुटलो. तहसील कचेरीतल्या कारकुनाने शाळेचा उतारा बघितला आणि पुढची वाट सांगितली: या उताऱ्यावरून जन्मनोंदीचा आदेश, मग जन्मदाखला, माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं म्हणून राजपत्र, मग आधार. "आणि घरातल्या जाणत्या माणसाचा जबाब. माहेरचं कोण आहे?"

"भावंडं सगळी पाठची आहेत. मोठं कुणी उरलं नाही."

"मग नवऱ्याचा."

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग न्हाई करायचं आपरेशन."

"आई, तेरा आठवडे राहिलेत."

"ऱ्हाऊंदेत. पन्नास वरसं नांदली मी. आता ह्या वयात त्यांनी माझ्याकडं बघून म्हणायचं का, तू मला फशिवलंस?"

मी तिला समजावलं नाही. मला बाजूच कळेना. इतकी वर्षं मला वाटत होतं की खरा आकडा लिहिला की काम संपतं. इथे खरा आकडा आणि आईचा श्वास एका बाजूला होते आणि आईचा संसार दुसऱ्या बाजूला. ती चूल ते न्हाणी एवढं चालली तरी दाराला धरून उभी राहत होती, ते मी मोजत होतो. पूर्वी एकदा थांबायची, आता दोनदा.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर आण्णा ओसरीवर शेरडांसाठी सुबाभळीचा पाला तोडत बसले होते. आई जाऊन त्यांच्याशेजारी बसली. मी आत होतो. मला सगळं ऐकू येत होतं, आणि तिला ते माहीत होतं.

"आवं, एक सांगायचंय."

"सांग की."

"मी तुमच्यापेक्षा मोठी हाय. दोन-अडीच वरसानं. लग्नात खोटं सांगितल्यालं."

कोयत्याचा आवाज थांबला. मी दाराच्या चौकटीला हात लावून उभा होतो आणि मला आत-बाहेर करता येईना.

मग आण्णा म्हणाले, "मग मला कवा अरेतुरे का केलं न्हाईस?"

"केलं आसतं तर तुमच्या आईनं घरात ठिवलं आसतं व्हय?"

"न्हाई ठिवलं आसतं," आण्णा म्हणाले. पुन्हा पाला तोडू लागले. "म्हंजी मला मिसरूड फुटायचं हुतं आन तू कळपाची मालकीण हुतीस."

"राग आला?"

"थांब की जरा. बावन्न वरसांचं हाय, लगीच कसा यील."

त्या दिवशी ते तिच्याशी आणखी बोलले नाहीत. संध्याकाळी वाढलेलं जेवले, रात्री अंथरूण नेहमीच्या जागी टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर बदलून, टोपी घालून माझ्यासमोर उभे राहिले. "जबाब कुठं द्यायचा म्हनलास?"

तहसीलमध्ये कारकुनाने त्यांचं आधार बघितलं, मग उतारा बघितला, मग पुन्हा आधार बघितलं. "आजोबा, यात तर आजी तुमच्यापेक्षा मोठ्या निघतायत. काहीतरी गोंधळ झालाय."

मागच्या बाकावरचे दोघं-तिघं आमच्याकडे बघू लागले. आई खाली बघत होती. आण्णांना लोकांसमोर उणं बोललेलं चालत नाही, कुणी त्यांना कमी लेखलेलं तर मुळीच नाही. मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं.

आण्णा म्हणाले, "गोंधळ न्हाई. मोठी हाय ती. दोन वरसानं. लिवा."

"लिहू ना? नक्की?"

"लिवा म्हनतोय न्हवं. आधी मी सांगितल्यालं चुकीचं हुतं."

त्यांनी सही केली. त्यांची सही मोठी आणि सावकाश असते. माझ्या नोकरीत मी हजारो पावत्यांवर सह्या बघितल्या आहेत. एवढं जड काही उतरून ठेवताना कुणाला बघितलं नव्हतं.

बाकीचे कागद व्हायला पावणेअकरा आठवडे लागले. दर सोमवारी मी वहीत खूण करत होतो. सतरापैकी दीड आठवडा शिल्लक असताना आधारवर नवीन तारीख आली आणि आम्ही मिरजेला गेलो. तीच मुलगी टेबलावर होती. तिने आईच्या चेहऱ्यासमोर फोन धरला आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं. आईने एकदा केली, फोनने घेतलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. पात्र.

ऑपरेशन झालं. अकराव्या दिवशी घरी सोडलं. आता ती चुलीपासून न्हाणीपर्यंत न थांबता जाते.

दाखल करायच्या दिवशी वॉर्डातली नर्स फॉर्म भरायला आली होती. तिने सवयीने आण्णांकडे बघून विचारलं, "पेशंटचं वय?"

आण्णांनी मान आईकडे वळवली. मीही तिच्याकडेच बघितलं. आई कॉटवर सरळ होऊन बसली आणि म्हणाली, "त्र्याहात्तर."